सायकलचा टायर अचानक का फुटतो? बेळगाव भागातल्या नव्या सायकलवाल्यांसाठी

रात्री दीड-दोनच्या सुमाराला आमच्या सोप्यात बार उडाला. आई ताडकन उठून बसली, शेजारच्यांनी दिवे लावले, गल्लीतली कुत्री एका सुरात भुंकायला लागली. मी बॅटरी घेऊन बाहेर आलो तर चोर नाही की मांजर नाही. भिंतीला टेकवलेली माझी सायकल पुढच्या चाकावर बसली होती आणि टायरच्या कडेखालून ट्यूबची काळी चिंधी बाहेर लोंबत होती. सायकलला कुणी हातही लावला नव्हता. डिसेंबरची थंडी होती, त्यामुळं ‘उन्हानं फुटला’ असं म्हणायचीही सोय नव्हती.

सकाळी गल्लीच्या तोंडावरच्या सायकलवाल्या मामांकडं चाक नेलं. त्यांनी ट्यूब बाहेर ओढली, फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “ट्यूब कोण घातलंय?” म्हटलं, मीच. “मग तूच फोडलास की! काल सांजचंच फोडून ठेवलास, आवाज तेवढा रातीला आला बघ.”

ते काय म्हणत होते हे कळायला मला पुढची दोन-तीन वर्षं त्यांच्या दुकानातल्या लाकडी बाकावर बसावं लागलं. तुम्हाला तेवढा वेळ लागू नये म्हणून हे लिहितोय. कॉलेजसाठी किंवा उद्यमबागेतल्या नोकरीसाठी बेळगावात आलेले, खानापूर-निपाणीकडं घर असलेले, नुकतीच जुनी किंवा नवी सायकल घेतलेले, अशा सगळ्यांसाठी. पान्ह्याला कधी हात लावला नसला तरी चालेल.

आधी आवाज आठवा

टायर गेला म्हणजे काय झालं, हे आवाज सांगतो. ‘फुस्स’ झालं असेल तर ट्यूबला टायरच्या आतच भोक पडलं आहे. हवा टायरच्या आणि रिमच्या फटीतून वाट काढत बाहेर येते, तिला वेळ लागतो. ‘धडाम’ झालं असेल तर ट्यूब टायरच्या बाहेर आली होती. ट्यूब बाहेर न येता बंदुकीसारखा बार होत नाही.

असं का, ते थोडक्यात. ट्यूब हा नुसता पातळ रबराचा फुगा आहे. चाकाबाहेर काढून तिच्यात हवा भरा, जरा जास्त झाली की ती एका जागी बेढब फुगते आणि आणखी भरलीत तर फुटते. तिचं काम एकच, हवा गळू न देणं. दाब सोसायचं काम टायरचं. टायरच्या रबरात दोऱ्यांचं विणकाम असतं आणि दोन्ही कडांत तार असते. ती तार ताणली जात नाही, म्हणून टायर रिमवरून निसटत नाही. डनलपनं १८८८ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं तेव्हा ही तार नव्हती, टायर रिमला चिकटवावा लागे. कडेत तार घालायची युक्ती वेल्च नावाच्या माणसाची, १८९० ची.

हवेचा दाब पीएसआयमध्ये मोजतात. आता ६० पीएसआय हवा म्हणजे किती? दर चौरस सेंटिमीटरला चार किलोहून थोडा जास्त जोर. आपल्या अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेवर वीस-बावीस किलो. चाकाच्या आत सगळीकडून हा जोर चोवीस तास लागलेला असतो, सायकल उभी असो की चालू. टायरनं बोटभर जागा मोकळी सोडली की ट्यूब तिथून बाहेर डोकावते, बाहेर आलेला भाग फुगत जातो आणि फुटतो. यात कधी क्षण जातो, कधी आठ तास. माझ्या सायकलला आठ तास लागले.

म्हणून टायर फुटला की पहिला प्रश्न ‘काय टोचलं?’ हा विचारूच नका. ‘ट्यूबला बाहेर यायला वाट कुठं मिळाली?’ हे शोधा.

ट्यूब काढायच्या आधी एक खूण

बहुतेक नवे लोक इथंच चुकतात. टायर घाईनं उपटतात, ट्यूब भिरकावतात आणि मग बघत बसतात. आधी टायरवर, व्हॉल्व्ह जिथं आहे त्याच्या समोर, खडूनं एक रेघ मारा. ट्यूबच्या कुठल्या अंगाला साखळी होती तेही लक्षात ठेवा. मग टायरची एक बाजू सोडवून ट्यूब बाहेर घ्या आणि त्याच दिशेनं चाकावर आडवी ठेवा. आता ट्यूबवरचं भोक आणि टायर-रिमवरची जागा जुळवता येते. पुराव्याची जागा हलवायची नाही. मग भोक कसं आणि कुठं आहे ते बघा.

वीतभर लांब, कडा फाटल्यासारख्या, आणि फाटलंय ते ट्यूबच्या एका कुशीला, रिमच्या बाजूनं: ट्यूब टायरच्या कडेखालून बाहेर आली. एक तर घालताना ती कडेखाली अडकली होती, नाही तर टायरच रिमवर नीट बसला नव्हता. माझ्याकडच्या त्या रात्रीच्या स्फोटाचं कारण हेच. नव्या माणसाकडून होणाऱ्या स्फोटांत याचाच नंबर पहिला, असं मामांचं ठाम मत आणि आता माझंही.

चांदणीसारखं, चार बाजूंना फाटलेलं भोक आणि त्याच जागी टायरच्या कुशीला चीर: टायर फाटला आणि ट्यूब त्या खिडकीतून बाहेर पडली. टायरला चीर कशानं पडली ते शोधा. नव्वद टक्के लोक रस्त्यावरची काच म्हणतात. मी आधी ब्रेकचं रबर बघतो. स्वस्तातल्या सायकलींत ब्रेकचं रबर वर सरकून रिमऐवजी टायरच्या कुशीला घासतं. प्रत्येक ब्रेकला थोडं-थोडं, महिना-दोन महिने. कुशीवरचं रबर निघून आतले दोरे दिसायला लागतात, मग दोरेही तुटतात, आणि एके दिवशी उभ्या जागी बार. माणूस म्हणतो, ‘काहीच झालं नव्हतं हो, नुसती उभी होती!’ उभी होती हे खरं, पण दोन महिने कापली जात होती. जुन्या काळ्या सायकलींवर डायनॅमो घासूनही हेच व्हायचं.

भोक रिमच्या बाजूला, आतल्या अंगाला: इथं काटा-खिळा शोधून उपयोग नाही. रिमवर स्पोकची भोकं झाकणारी पट्टी सरकली आहे, कुजली आहे किंवा मुळात घातलीच नाही. पट्टीच्या जागी सुतळी नाही तर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला मी पाहिलाय. स्पोकचं टोक निपलच्या (स्पोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटाच्या) वर आलं असेल तर कानशीनं घासून सपाट करा. पट्टी नवी घ्या, थोडक्या पैशांसाठी ट्यूबमागून ट्यूब घालवू नका.

व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलेली ट्यूब म्हणजे हवा कमी ठेवून सायकल चालवल्याची पावती. हवा कमी असली की टायर रिमवर हळूहळू सरकतो, ट्यूबलाही ओढतो, आणि व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला. तिथंच ती तुटते. अशा ट्यूबला पॅच लागत नाही, ती फेकायची. व्हॉल्व्ह रिममध्ये वाकडा उभा दिसला की ओळखावं, ओढाताण सुरू झाली आहे.

शेजारी-शेजारी दोन बारीक भोकं, साप चावल्यासारखी: खड्ड्याच्या किंवा रुळाच्या धारेवर चाक आपटलं आणि ट्यूब रिमच्या दोन कडांखाली चिमटली. पुन्हा हवा कमी, किंवा वजन जास्त. टिळकवाडीच्या रेल्वे गेटात गेट उघडल्याबरोबर सगळ्यांच्या आधी जायची घाई असते, तिथं हे भरपूर होतं. रूळ काटकोनात ओलांडा आणि सीटवरून थोडं उठा.

बाहेरच्या अंगाला एकच टाचणीएवढं भोक असेल तर तो काटा. तो फोडत नाही, फक्त हवा घालवतो.

ऊन फुकट बदनाम आहे

‘उन्हात ठेवली म्हणून फुटली’ हे वाक्य आपल्याकडं मार्च ते मे रोज ऐकायला मिळतं. यात थोडं खरं आहे, खरं ते किती थोडं, हे मोजता येतं.

सकाळी २५ अंशांत ६० पीएसआय हवा भरली. दुपारी काळा टायर उन्हात तापून आतली हवा ६० अंशांवर गेली असं धरू, हे आपल्या भागात फारच झालं. तरी दाब जातो ६८-६९ पर्यंत. आठ-नऊ पीएसआय वाढ. धडधाकट टायरला हे काहीच नाही. पंपाचे आणखी थोडे दांडे मारल्यासारखं आहे ते. ऊन फोडतं ते आधीच अर्धवट फाटलेल्या, दोरे उघडे पडलेल्या किंवा कडेखाली ट्यूब अडकलेल्या टायरला. उंटाच्या पाठीवरची शेवटची काडी. त्यामुळं सायकल सावलीत ठेवा, अवश्य ठेवा, पण कारण वेगळं आहे: ऊन वर्षानुवर्षं रबर कडक करतं, कुशीला बारीक भेगा पाडतं. ते नुकसान दुपारचं नसतं, पाच वर्षांचं असतं.

असाच दुसरा समज, गोव्यातून सायकल वर आणली की उंचीमुळं हवा फुगते आणि टायर फुटतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. तेवढ्या चढानं टायरमधला दाब सव्वा पीएसआयनं वाढतो. सव्वा! विसरून जा.

ट्यूब घालायची रीत

हा भाग सावकाश वाचा. सायकलच्या दुकानात हे काम पाच मिनिटांत होतं, आपल्याला पहिल्यांदा अर्धा तास लागेल, लागू दे.

टायर रिकामा झाला की आतून बोटं फिरवायच्या आधी एक जुनं फडकं फिरवा. काटा, काच, तारेचा तुकडा असेल तर फडकं अडकतं. थेट बोटं घातलीत तर रक्त निघतं. मग टायर उलटा करून उजेडात बघा. दोरे तुटलेत? कुशीला पोट सुटलंय? कडेची तार रबरातून बाहेर आलीय? यांतलं एक जरी असलं तरी तो टायर गेला. काही जण आतून जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे गेटर, लावून देतात. तो घरापर्यंत पोचायला ठीक आहे. गेटर लावलेल्या टायरवर वर्ष काढणारे लोक मला माहीत आहेत, त्यांच्या मागच्या कॅरिअरवर मात्र मी बसत नाही.

रिमही चाचपून बघा. पोलादी रिमला गंज चढून धार आली असेल तर पॉलिश पेपरनं घासा. अॅल्युमिनियमच्या रिमची ब्रेक घासणारी भिंत बोटाला आत गेलेली, खोलगट लागली तर रिम झिजली आहे. अशी भिंत एखाद दिवशी आतल्या दाबानं बाहेर फाकते, आणि मग टायर, ट्यूब, सगळंच एकदम. पावसाळ्यात खानापूरच्या लाल चिखलातून रोज ये-जा करणाऱ्यांनी हे दर पावसाळ्यानंतर बघावं. त्या चिखलातली बारीक वाळू ब्रेकच्या रबरात बसते आणि रिमला कानशीसारखी खाते.

आता ट्यूब. तिच्यात अगदी थोडी हवा भरा, नुसती गोल दिसेल एवढी. चपटी ट्यूब घालू नका, तिला पीळ पडतो, घडी पडते, आणि कडेखाली जाणारी ट्यूब नेहमी चपटीच असते. वरून अंगाला लावायची पावडर चोळलीत तर आणखी चांगलं, ट्यूब टायरला न चिकटता जागेवर सरकते. टायरची एक कड आधी रिमवर चढवलेली असू दे. व्हॉल्व्ह भोकात घाला, ट्यूब टायरच्या पोटात सारा, आणि दुसरी कड व्हॉल्व्हच्या बरोबर समोरून, म्हणजे लांबच्या टोकाकडून, चढवायला सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवा. अंगठ्यांनी ढकला. शेवटची वीतभर जागा घट्ट लागते आणि तिथंच माणूस स्क्रूड्रायव्हर घेतो. नका घेऊ. स्क्रूड्रायव्हरनं टायर चढतो आणि खालची ट्यूबही चिमटते. त्याऐवजी चढवलेली कड रिमच्या मधल्या खोलगट भागात सगळीकडून दाबत आणा, तेवढ्यानं शेवटी ढील मिळते.

कड चढली की व्हॉल्व्ह बोटानं वर, टायरच्या पोटात ढकला आणि परत खाली ओढा. व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब जाड असते आणि कडेखाली अडकायला तिला फार आवडतं.

यानंतरची पायरी मी त्या रात्री गाळली होती. हवा भरायच्या आधी टायर दोन्ही हातांनी एका बाजूला दाबा आणि कडेखाली बघा. ट्यूब दिसता कामा नये, फक्त रिमची पट्टी दिसली पाहिजे. असं चाक फिरवत संपूर्ण गोल, मग दुसऱ्या बाजूनं संपूर्ण गोल. कुठं काळी जीभ बाहेर आलेली दिसली तर टायर तिथं हलवून ट्यूब आत ढकला. दोन मिनिटं लागतात.

मग हवा अर्धी भरा, वीस-पंचवीस पीएसआय, आणि थांबा. टायरच्या कुशीला, रिमच्या अगदी जवळून, एक बारीक उंचवट्याची रेघ गोल गेलेली असते. ती रेघ रिमपासून सगळीकडं सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठं रेघ रिमखाली बुडाली असेल तर तिथं टायर खाली बसलाय, कुठं जास्त वर आली असेल तर तिथं टायर उठलाय आणि बाहेर पडायच्या तयारीत आहे. हवा सोडा, हातानं सारखा करा, पुन्हा भरा. सारखं झालं की उरलेली हवा.

टायर नवा घ्यायचा असेल तर इंच सांगून भागत नाही. ‘२६ चा द्या’ म्हटलं तर दुकानदार दोन वेगळ्या मापांतला कुठलाही देऊ शकतो. २६ × १ ३/८ आणि २६ × १.७५ हे ऐकायला भाऊ-भाऊ, खरं त्यांच्या रिमचा व्यास वेगळा: एकाचा ५९० मिलिमीटर, दुसऱ्याचा ५५९. जुन्या काळ्या २८ इंची सायकलचा ६३५, आणि आताच्या ७०० सी वाल्यांचा ६२२. टायरच्या कुशीवर ३७-५९० किंवा ४७-५५९ असा जोड आकडा छापलेला असतो, त्यातला दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. मापापेक्षा मोठा टायर रिमवर सैल बसतो आणि हवा भरली की कड उठते.

हवा किती, आणि कोण भरणार

किती ते टायरवरच लिहिलेलं असतं. अंदाज म्हणून: काळी २८ इंची सायकल ४५ ते ६०, जाड टायरची गिअरवाली ३५ ते ५०, बारीक टायरची ८० ते १००. माणूस जड असेल किंवा मागं दुधाचा कॅन, वैरणीचा भारा असेल तर मागच्या चाकात पाच-सात जास्त, टायरवर छापलेल्या मर्यादेच्या आत राहून.

कोण भरणार हा जास्त महत्त्वाचा प्रश्न. मोटारीसाठीच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत शंभरच्या वर दाब असतो. मोटारीच्या टायरमध्ये तीसेक लिटर जागा, सायकलच्या टायरमध्ये अडीच-तीन लिटर. मोटारीला जिथं अर्धा-एक मिनिट लागतो तिथं सायकलला दोन-तीन सेकंद. भरणाऱ्याचं लक्ष बाजूला गेलं की संपलं. आमच्या ओळखीच्या एका शाळकरी पोराच्या नव्या सायकलचे दोन्ही टायर एकाच दिवशी एका पंपावर असेच गेले, पहिला भरणाऱ्याच्या हातून आणि दुसरा ‘आता नीट भरतो’ म्हणत. त्या पोराला तेव्हापासून हवेच्या नळीची भीती बसली आहे. शक्यतो पायपंप वापरा, मीटरवाला मिळाला तर उत्तम. कॉम्प्रेसरच असेल तर एक-एक सेकंदाची फूक आणि मधे-मधे अंगठ्यानं टायर दाबून बघणं.

आपल्याकडं हवा भरणारा कानडी बोलणारा असण्याची शक्यता बरीच आहे, गोकाक-अथणीकडं गेलात तर नक्कीच. दोन शब्द पुरतात. ‘गाळी हाक्री’ म्हणजे हवा भरा. आणि त्याहून महत्त्वाचा, ‘साकु’, म्हणजे पुरे. हा दुसरा मोठ्यानं आणि वेळेवर म्हणायचा.

जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्ह असेल, ज्याच्या आत रबराची बारीक वालट्यूब असते, तर त्यावर साध्या मीटरनं दाब मोजता येत नाही. तिथं अंगठाच मीटर. हवा सारखी उतरत असेल तर ट्यूबला दोष द्यायच्या आधी वालट्यूब बदलून बघा, ती वर्षभरात चिकट होऊन फाटते. व्हॉल्व्हवर थुंकीचं बोट लावून बुडबुडा बघायची मामांची पद्धत मी शिकवत नाही, तरी वापरतो.

कुठल्या रस्त्यावर काय

आपला भाग छोटा असला तरी टायरचे शत्रू तालुक्यागणिक बदलतात. दक्षिण-पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं जांभा दगड, लाल चिखल आणि अफाट पाऊस. तिथं काटे कमी, पण गंज आणि झीज जास्त. उत्तर-पूर्वेला चिकोडी, रायबाग, अथणीकडं काळी जमीन, बांधावर बाभळी, रस्त्याकडेला वेडी बाभूळ, आणि उन्हाळ्यात सराटे. सराट्याचं फळ कसंही पडलं तरी एक काटा वर असतोच. शेतवाटेनं गेलात तर घरी आल्यावर टायर एकदा हातानं फिरवून रुतलेले काटे काढा. रुतलेला काटा पहिल्या दिवशी ट्यूबपर्यंत पोचलेला नसतो, रोज थोडा आत जातो.

उसाच्या हंगामात बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्त्याचा डावा काठ फोडून ठेवतात. डांबराची ती तुटकी धार कुशीला चिरते. काठावरून खाली उतरायची वेळ आली तर तिरकं घसरू नका, वेग कमी करून सरळ उतरा.

आणि उद्यमबाग. लेथवरून पडलेला लोखंडाचा कुरळा कीस कारखान्यांच्या गेटाबाहेर रस्त्यावर येतो. काट्यापेक्षा तो वाईट, कारण तो कापतो. त्या भागात नोकरी असेल तर रस्त्याच्या कडेनं न जाता जिथं गाड्यांची चाकं फिरतात त्या पट्ट्यातून चला. तो पट्टा गाड्यांनीच झाडलेला असतो.

घाट उतरताना

इथं मात्र उष्णता खरोखर टायर फोडू शकते, कारण ती उन्हाची नसते, ब्रेकची असते. आंबोलीहून सावंतवाडीकडं किंवा चोर्ला घाटातून गोव्याकडं उतरताना तुम्ही आणि सायकल मिळून ९० किलो धरा आणि ५०० मीटर उंची उतरलात. एवढ्या उताराची सगळी शक्ती ब्रेकनंच जिरवली तर तिच्यात जवळजवळ दीड लिटर पाणी उकळेल. काही वाटा वारा घेतो, बाकी सगळं दोन रिममध्ये जातं, आणि ट्यूब त्या रिमला चिकटून बसलेली. सोल्युशननं लावलेले पॅच तापून सुटतात, दाब वाढतो, आणि कुठं टायर सैल असेल तर तो उठतो. डिस्क ब्रेकवाल्यांची रिम यातून सुटते, त्यांची डिस्क तापते.

भीतीनं सगळा घाट ब्रेक हलकेच दाबून हळूहळू उतरणं हे सगळ्यात वाईट. वेग कमी म्हणजे वारा काहीच घेत नाही, सगळं रिमवर. सरळ पट्ट्यात सुटू द्या, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक नेटानं दाबून वेग तोडा, पुन्हा सोडा. एवढा भरवसा नसेल तर दर दोन-तीन किलोमीटरला थांबा, रिमजवळ हात न्या, आंच लागत असेल तर दहा मिनिटं फोटो काढा. जुने पॅच असलेली ट्यूब घेऊन घाटात जाऊच नये. गावात ती चालते.

रस्त्यात फुटला तर

पुढचा टायर फुटला तर पुढचा ब्रेक दाबायचा नाही. हँडल सरळ धरा, अंग मागं घ्या, मागच्या ब्रेकनं थांबा. मागचा फुटला तर सायकल शेपूट हलवल्यासारखी करते, त्या मानानं सोपं. सपाट टायरवर बसून घरापर्यंत दामटवू नका. टायर, रिम दोन्ही जातात आणि वर चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढायचे पैसे.

पिशवीत एक ट्यूब, टायर काढायच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या, छोटा पंप, फडकं. टायरला चीर पडली असेल तर ट्यूब घालायच्या आधी आतून दुधाच्या पिशवीची चार पदरी घडी किंवा टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा तुकडा त्या चिरेवर ठेवा. हवा निम्मीच भरा. एवढ्यावर वेंगुर्ला रस्त्यावरून शहरापर्यंत मी आलोय, चौदा किलोमीटर.

घरी आल्यावर टायर बदला, आणि नवी ट्यूब घातलेलं चाक दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा कडेच्या रेघेवरून बघा. एका रात्रीत काही हललं असेल तर तेव्हा दिसतं. आमच्याकडं त्या पहिल्या रात्री सायकल सोप्यात येत नाही, मागच्या परड्यात राहते. हा आईचा नियम आहे, आणि तो अजून लागू आहे.